पायांची आग आणि चिनी सुई

गेल्या वसंतात याच मांडवात मधुमेहावर बोलण्याचा योग आम्हांस आला होता. व्याख्यान संपले, आणि नेहमीप्रमाणे श्रोत्यांच्या चिठ्ठ्या आमच्या हाती आल्या. आंबा खावा की न खावा, कारल्याचा रस घ्यावा की न घ्यावा, असे नेहमीचेच प्रश्न बहुतेक चिठ्ठ्यांत होते. एका चिठ्ठीवर मात्र कापऱ्या पण वळणदार अक्षरात इतकेच लिहिले होते : "रात्री तळपाय भाजतात. सुया टोचून घेतल्या तर बरे वाटेल काय? खरे ते सांगावे." खाली सही नव्हती. वेळ संपत आली होती, म्हणून आम्ही दोन वाक्यांत काहीतरी उत्तर दिले आणि पुढच्या चिठ्ठीकडे वळलो. ते उत्तर अपुरे होते ही रुखरुख वर्षभर मनात राहिली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या चिठ्ठीला दिलेले सविस्तर उत्तर होय.

ज्याचे जळते त्याला कळते, अशी आपल्याकडे म्हण आहे. मधुमेहाने ज्यांचे पाय जळतात त्यांना ती अक्षरशः लागू पडते. दिवसा कामाच्या नादात माणूस ते विसरतो. रात्री दिवा मालवला की तळव्यांची आग सुरू होते. पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. कोणी पाय गार फरशीवर टेकवून बसतो, कोणी उठून ओल्या फडक्याने पुसतो. घरच्यांना पाहावे तर पायावर ना सूज, ना जखम, ना लाली. मग "तुमचे आपले काहीतरीच!" असे म्हणून सगळे झोपी जातात आणि तो एकटा जागा राहतो. अशा माणसाला कोणी सांगितले की, अमुक ठिकाणी चिनी पद्धतीने सुया टोचतात आणि आग थांबते, तर तो तेथे जाणार हे उघड आहे. त्याला हसण्याचा अधिकार कोणासही नाही. तेथे जाण्यापूर्वी त्याला काय ठाऊक असावे, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

दुखणे कशाचे?

प्रथम दुखण्याचे मूळ पाहू. पायाच्या अंगठ्याला काटा बोचला की ती बातमी मज्जातंतूंच्या वाटेने वर जाते. अंगठ्यापासून निघालेला तंतू पाठीच्या कण्याजवळच्या आपल्या पेशीपर्यंत अखंड असतो. म्हणजे प्रौढ माणसात त्याची लांबी सुमारे एक मीटर भरते, आणि जाडी मात्र केसाहूनही कितीतरी कमी. एवढ्या लांब तंतूचे पोषण त्या एका पेशीने आणि वाटेतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांनी करावयाचे असते. रक्तातील साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की या रक्तवाहिन्या निकामी होत जातात, आणि तंतूच्या आतील रासायनिक व्यवहारही बिघडतो. कालव्याला पाणी कमी सुटले तर पहिला फटका शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला बसतो. येथेही तसेच होते. सर्वांत लांब तंतू सर्वांत आधी सुकतात. म्हणूनच हा विकार प्रथम पायांच्या बोटांत दिसतो, मोजा चढवावा तसा हळूहळू वर सरकतो, आणि तो गुडघ्याच्या आसपास पोचला की मग हातांच्या बोटांत मुंग्या येऊ लागतात.

मरू घातलेला तंतू दोन प्रकारे वागतो. टेलिफोनची तार मध्येच खराब झाली की कधी घंटी उगाचच खणखणते, आणि कधी कोणी कितीही बोलावले तरी वाजतच नाही. तद्वत बिघडलेला तंतू कधी विनाकारण खोट्या बातम्या पाठवतो. त्यालाच आपण आग, चुणचुण, मुंग्या, टाचण्या टोचल्याची वेदना म्हणतो. आणि कधी तो अगदी गप्प होतो. तिला आपण बधिरता म्हणतो. कापसावरून चालल्यासारखे वाटते, पायातली चप्पल निसटून मागे राहिली तरी कळत नाही, ही त्या बधिरतेची लक्षणे. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, आग आणि बधिरता एकाच पायात एकाच वेळी नांदू शकतात. जळणारा पाय म्हणजे जिवंत पाय, असे समजण्याचे कारण नाही. या एका मुद्द्याकडे आम्ही पुढे पुन्हा येणार आहोत, कारण सगळा प्रश्न त्यावरच येऊन ठेपतो.

ही ओळख आजकालची नव्हे. चरकसंहितेच्या निदानस्थानात प्रमेहाची पूर्वचिन्हे सांगताना हातापायांची बधिरता आणि दाह या दोहोंचा एकत्र उल्लेख आहे. मूत्राकडे मुंग्या धावतात हेही तेथेच नोंदले आहे. त्या काळी हा मोजक्यांचा रोग असेल. आज तसे नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. ज्यांना तो दीर्घकाळ आहे त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्यांच्या मज्जातंतूंना कमीअधिक इजा होते. सर्वांनाच आग होते असे नाही. पुष्कळांना काहीच जाणवत नाही, आणि तेच अधिक धोक्याचे असते.

यावर उपाय काय? १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन हाती आणले आणि मधुमेह्याला आयुष्य मिळाले. परंतु आयुष्य वाढले तशी मज्जातंतूंच्या इजेलाही सवड मिळाली. साखर काटेकोर ताब्यात ठेवली तर काय होते, हे अमेरिका व कॅनडा येथे १,४४१ रोग्यांवर केलेल्या एका मोठ्या प्रयोगात दिसून आले. हे सर्व इन्सुलिनवाचून ज्यांचे भागत नाही अशा पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे रोगी होते. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत मज्जातंतूंच्या विकाराचे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी घटलेले आढळले. उतारवयात होणाऱ्या दुसऱ्या प्रकारात हा लाभ एवढा ठळक दिसत नाही, तरी दिशा तीच आहे. मात्र एकदा गेलेला तंतू खात्रीने परत आणील असे औषध आजही कोणाकडे नाही. जी औषधे दिली जातात, उदाहरणार्थ प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन, ॲमिट्रिप्टिलिन, ती आग शमवणारी आहेत, तंतू दुरुस्त करणारी नव्हेत. आणि तीही सर्वांना लागू पडत नाहीत. २०१५ साली जगभरच्या प्रयोगांचा जो आढावा घेतला गेला, त्यात प्रीगॅबालिन सुमारे आठ जणांना द्यावे तेव्हा नुसत्या साखरगोळीपेक्षा एकाला अधिक चांगला आराम पडतो, असा हिशेब निघाला. शिवाय झोप, घेरी, पायांवर सूज हे त्रास आहेतच. औषधांची बाजू अशी लंगडी असताना रोगी सुईकडे वळला तर त्यात नवल ते काय?

सुई आली कोठून?

सुया टोचण्याची ही विद्या चीनची. 'ह्वांगदी नैजिंग' हा तिचा आद्य ग्रंथ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सिद्ध झाला. शरीरात 'छी' नावाची प्राणशक्ती बारा मुख्य वाहिन्यांतून फिरते, ती कोठे अडली की रोग होतो, आणि ठराविक बिंदूंवर सुई टोचली की ती मोकळी होते, असा तिचा सिद्धान्त आहे. आज ३६१ बिंदू प्रमाण मानले जातात. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटांवर, नडगीच्या बाहेरच्या अंगास असलेला 'झूसानली' हा त्यांतील एक प्रसिद्ध बिंदू. पायांच्या दुखण्यात तो हमखास वापरतात. मधुमेहासारख्या रोगाला चिनी वैद्य 'श्यावखे' म्हणजे शोष आणि तहान यांचा रोग म्हणत.

आपल्याकडे काही मंडळी सुश्रुताच्या १०७ मर्मांशी या बिंदूंचे नाते जोडतात. अभिमान समजण्याजोगा आहे, पण तर्क बरोबर नाही. मर्मे म्हणजे जेथे इजा होऊ देऊ नये अशी ठिकाणे, आणि चिनी बिंदू म्हणजे जेथे मुद्दाम टोचावयाचे अशी. दोन्हींचा हेतूच निराळा आहे.

या विद्येचे चीनमधील दिवसही सदैव सुखाचे गेले नाहीत. १८२२ साली खुद्द सम्राटाने राजवैद्यांच्या संस्थेतून तिला काढून टाकले. पुढे विसाव्या शतकात, डॉक्टर थोडे आणि प्रजा अफाट अशा अडचणीत, कम्युनिस्ट राजवटीने तिला पुन्हा वर आणले. १९७१ च्या जुलैत 'न्यूयॉर्क टाइम्स'चे जेम्स रेस्टन पेकिंगला गेले असता त्यांचे आंत्रपुच्छ काढावे लागले. शस्त्रक्रिया नेहमीची भूल देऊनच झाली; नंतर पोट फुगून त्रास होऊ लागला तेव्हा तेथील वैद्याने सुया टोचल्या, आणि बरे वाटल्याची हकीकत त्यांनी आपल्या पत्रात छापली. दुसऱ्या वर्षी अध्यक्ष निक्सन चीनला गेले आणि साऱ्या पश्चिमेत सुईचा बोलबाला झाला.

आपल्या देशात मात्र सुई त्याआधीच आली होती, आणि तिच्या मागे एका मराठी माणसाची आठवण आहे. १९३८ साली जपानशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीस राष्ट्रसभेने पाच डॉक्टर पाठविले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. डॉ. कोटणीस १९४२ साली तेथेच कामी आले. शांतारामबापूंच्या चित्रपटाने त्यांचे नाव घरोघर नेले. याच पथकातील कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू १९५० नंतरच्या दशकात पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले, आणि कलकत्त्यास परत येऊन त्यांनी ती येथे रुजविली. महाराष्ट्राने तर २०१५ साली या उपचारपद्धतीसाठी स्वतंत्र कायदाच केला. कायद्याने उपचार करणाराची नोंद होते, त्याने काय शिकलेले असावे हे ठरते. उपचार गुणकारी आहे की नाही, हे मात्र कायदा ठरवू शकत नाही. ते प्रयोगानेच ठरवावे लागते.

सुई काय करीत असावी?

शरीराची चिरफाड करून पाहणाऱ्यांना 'छी'च्या वाहिन्या कोठेही सापडलेल्या नाहीत. परंतु सिद्धान्त चुकीचा असला म्हणून क्रिया निष्फळच असते, असे नाही. पाळीचा ताप दूषित हवेने येतो असे मानणारे वैद्यही सिंकोना देऊन तो उतरवीतच होते.

सुई टोचल्याने वेदना कमी का व्हावी, याची काही पटण्याजोगी कारणे मिळाली आहेत. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल यांनी असे मांडले की, पाठीच्या कण्यात वेदनेच्या वाटेवर जणू एक फाटक असते. दुसऱ्या संवेदनांची गर्दी झाली की ते काहीसे मिटते. ठेच लागलेले बोट आपण चोळतो ते याचसाठी. पुढे १९७० नंतरच्या दशकात असे आढळले की, सुईने मिळणारा आराम नॅलॉक्सोन या अफूविरोधी औषधाने कमी होतो. म्हणजे सुईमुळे शरीर स्वतःचीच अफूसारखी द्रव्ये सोडीत असावे. २०१० साली उंदरांच्या झूसानली बिंदूवर सुई फिरवली असता जवळच्या ऊतींत ॲडिनोसिन हे वेदना शमविणारे द्रव्य वाढलेले दिसले. काट्याने काटा काढावा, तसा हा प्रकार आहे.

परंतु वाचकांनी येथे एक फरक नीट पाहावा. ही सारी कारणे वेदना दबण्याची आहेत. सुकलेला तंतू पुन्हा फुटण्याचे कारण यांत कोठेही नाही.

कसोटीला लावल्यावर

आता प्रत्यक्ष प्रयोगांकडे वळू. इंग्लंडात मँचेस्टर येथे मधुमेहाने पाय दुखणाऱ्या ४६ रोग्यांवर दहा आठवड्यांत सहापर्यंत बैठका देऊन सुईचा प्रयोग झाला. त्याची हकीकत १९९८ साली प्रसिद्ध झाली. ४४ रोगी शेवटपर्यंत टिकले. त्यांतील ३४ जणांना, म्हणजे ७७ टक्क्यांना, चांगला आराम वाटला. पुष्कळांची औषधे कमी झाली किंवा सुटली. आकडा मोठा आहे. पण त्याच हकीकतीत आणखी एक ओळ आहे, ती जाहिरातींत कधी येत नाही. या रोग्यांच्या पायांची संवेदना यंत्राने मोजली, प्रतिक्रिया तपासल्या, रक्तातील साखरेची सरासरी पाहिली. त्यांत म्हणण्याजोगा फरक पडलेला नव्हता. आग उणावली होती. तंतू होते तेथेच होते.

शिवाय या प्रयोगात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्याने काय बिघडते? दुखणे कमीजास्त होत असते, आणि माणूस वैद्याकडे जातो तो ते अगदी असह्य झाल्यावर. त्यानंतर ते थोडे उतरणे हे पुष्कळदा आपोआपच घडते. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गाठ पडते, आणि श्रेय कावळ्याला मिळते. शिवाय कोणीतरी अर्धा तास आपल्यापाशी बसतो, आपले पाय हातात घेतो, दुखते कोठे ते विचारतो, यानेही बरे वाटते. हे बरे वाटणे खोटे नसते. पण ते सुईचे आहे की माणसाचे, हे निवडावे लागते.

निवडावे कसे? गोळीचे सोपे आहे. तशीच दिसणारी पिठाची गोळी देता येते. सुई मात्र लागली की नाही हे रोग्याला कळते. यावर जर्मनीतील संशोधकांनी १९९८ साली एक युक्ती काढली. नाटकात सुरा भोसकला की पाते मुठीत शिरते आणि प्रेक्षकांना वाटते छातीत गेले. तशीच मुठीत मागे सरकणारी बोथट सुई त्यांनी केली. रोग्याला टोचल्याचे जाणवते, पण कातडी भेदली जात नाही. दुसरी युक्ती म्हणजे खऱ्या बिंदूंपासून दूर, अगदी वरवर सुया टोचणे. ही युक्ती वापरून जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ रोग्यांवर जो प्रयोग झाला, त्याचे निकाल २००७ साली आले. शास्त्रोक्त सुयांनी ४७.६ टक्के, खोट्या सुयांनी ४४.२ टक्के, आणि नेहमीच्या औषधोपचाराने २७.४ टक्के लोकांना गुण आला. आकडे विचार करावयास लावणारे आहेत. सुई टोचून घेतलेले लोक औषधवाल्यांपेक्षा खरोखरच बरे राहिले. परंतु सुई नेमकी कोठे टोचली याला फारसे महत्त्व उरले नाही.

ही कंबरेची गोष्ट झाली. मज्जातंतूंच्या दुखण्यापुरते पाहावयाचे तर, असे पुरावे पारखून घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१७ साली आढावा काढला. तिच्या कसोटीला उतरले ते सहाच प्रयोग, आणि त्यांत रोगी ४६२. एवढ्यावरून सुईच्या बाजूने वा विरुद्ध काहीही ठाम म्हणता येत नाही, असा तिने निर्वाळा दिला. त्यानंतर जर्मनीतच मधुमेह्यांच्या पायांवर १८० रोग्यांचा एक अधिक काळजीपूर्वक प्रयोग झाला. एका गटाला सुई, दुसऱ्याला लेसर किरण, तिसऱ्याला नुसता लेसरचा देखावा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात दहा बैठकांनंतर सुईच्या गटात पायाच्या एका मज्जातंतूचे संदेशवहन देखाव्याच्या गटापेक्षा सुधारलेले आढळले. ही बातमी हुरूप देणारी आहे, आणि ती दडविणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण एका दाण्यावरून भाताची परीक्षा होते तशी ती एका प्रयोगावरून उपचाराची होत नाही. दुसऱ्यांनी, दुसऱ्या गावी, अधिक रोगी घेऊन, अधिक काळ पाहून तेच आढळले पाहिजे. आणि सुई घेतल्याने पायाच्या जखमा टळल्या, पाय कापावे लागले नाहीत, असा पुरावा आजपर्यंत पुढे आलेला नाही.

गुरुजींची गोष्ट

आमच्या परिचयाचे एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांना सारे गाव गुरुजी म्हणते. वीस वर्षांचा मधुमेह, आणि रात्री पायांची आग. औषधाने दिवसभर गुंगी येई म्हणून ते घेईनात. एके दिवशी आमच्याकडे येऊन म्हणाले, "डॉक्टर, मी सुया घेऊ का? तुम्ही नको म्हटलेत तरी घेणार आहे, पण विचारलेले बरे." आम्ही हसलो आणि घ्या म्हणालो. सुया टोचणारे गृहस्थ शिकलेले व स्वच्छतेने काम करणारे होते. दहा बैठका झाल्या, आणि गुरुजी रात्रभर झोपू लागले. "लागू पडली हो सुई," असे ते भेटेल त्याला सांगत. त्यांचा आनंद पाहून आम्हांसही आनंद झाला, आणि येथेच आमची चूक झाली. त्यांची आग गेली का, हे आम्ही विचारले. त्यांची बधिरता तशीच आहे का, हे तपासले नाही.

पाय बरे झाले या समजुतीने गुरुजींनी पूर्वीचा नेम पुन्हा सुरू केला. वैशाखातल्या भर दुपारी देवळाच्या तापलेल्या दगडी आवारात त्यांनी अनवाणी अकरा प्रदक्षिणा घातल्या. त्यांना काहीही जाणवले नाही. तिसऱ्या दिवशी सूनबाई केर काढीत असता फरशीवर ओल्या पावलाचा डाग दिसला. "बाबा, पाय बघू तुमचा," ती म्हणाली. तळव्याची कातडी भाजून सुटली होती. अडीच महिने मलमपट्टी चालली; करंगळी वाचली नाही, पाय वाचला. गुरुजी आम्हांस दोष देत नाहीत, उलट म्हणतात, "धूर थांबला, मला वाटले आगच विझली."

सुईने गुरुजींची करंगळी गेली असे आम्ही म्हणत नाही. सुईने त्यांना झोप दिली. करंगळी गेली ती, वेदना जाणे म्हणजे रोग जाणे, या गैरसमजाने. हाच गैरसमज गोळीनेही होऊ शकला असता.

वेदनेला आपण शत्रू मानतो. वेल्लोर येथे कुष्ठरोग्यांची सेवा करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी मात्र उलट शिकविले. कुष्ठरोग्यांची बोटे झडतात ती रोगाने जितकी नव्हे तितकी, न जाणवणाऱ्या चटक्यांनी आणि घासण्यांनी झडतात, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे ते अमेरिकेत गेले आणि हेच ज्ञान मधुमेह्यांच्या पायांसाठी उपयोगी पडले. वेदना हा देहाचा पहारेकरी आहे. मधुमेहात तो पहारेकरी आधी वेडा होऊन विनाकारण ओरडतो, आणि मग मुका होतो. त्याचे ओरडणे थांबविणे योग्यच आहे. पण तो मुका झाला असेल तर पहारा आपण स्वतः केला पाहिजे.

मग करावे काय?

ज्याला सुई घेऊन पाहावयाची असेल त्याला आम्ही मना करणार नाही. फक्त चार गोष्टी सांभाळाव्यात.

पहिली, आधी निदान. पाय जळतात ते मधुमेहानेच असे नव्हे. ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले, थायरॉइड मंदावली, मूत्रपिंड बिघडले, मद्यपान फार झाले, कुष्ठरोग झाला, तरी असेच होते. मधुमेहावर सर्रास दिले जाणारे मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्याने ब-१२ घटू शकते, आणि शाकाहारी माणसात ते मुळातच कमी असते. साध्या इंजेक्शनांनी भागेल तेथे सुयांच्या बैठका घालीत बसणे शहाणपणाचे नाही.

दुसरी, इन्सुलिन वा गोळ्या सोडू नयेत. सुईने मधुमेह जातो असे कोणी सांगितले तर तेथून त्याच पावली परत फिरावे. इन्सुलिनवाचून ज्याचे भागत नाही त्याने ते थांबविले तर दोनचार दिवसांत प्राणावर बेतू शकते.

तिसरी, सुई निर्जंतुक, एकदाच वापरून टाकून देण्याची असावी, आणि ती आपल्यासमोर पाकिटातून निघावी. जखम, सूज, लाली असलेल्या जागी ती टोचू नये. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील तर आधी सांगावे. सुईबरोबर चिनी वैद्य एक औषधी पाला जाळून शेक देतात. बधिर पायाला तो शेक मुळीच घेऊ नये. जळल्याचे कळणारच नाही. गरम पाण्याची पिशवी, शेकोटी, गरम पाण्यात पाय बुडविणे, यांनाही हाच नियम.

चौथी, आधीच मुदत ठरवावी. आठदहा बैठकांत झोप सुधारली, आग उणावली, तर ठीक, नाहीतर थांबावे. आशेपोटी घरातील औषधांचे आणि आहाराचे पैसे तिकडे जाता कामा नयेत.

आणि सुई घ्या अगर न घ्या, रोज रात्री पाय पाहा. तळवा दिसत नसेल तर आरसा धरा, नाहीतर घरातल्यांना सांगा. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा. कुरूप ब्लेडने कापू नका. घरातही चप्पल घाला. ती घालण्यापूर्वी आत खडा वा खिळा नाही ना, हे हाताने चाचपा. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायांची तपासणी करवून घ्या. नायलॉनचा एक तंतू तळव्याला टेकवून तो वाकेपर्यंत, म्हणजे दहा ग्रॅमचा भार पडेपर्यंत दाबतात आणि कळते का ते विचारतात. तपासणी पाच मिनिटांची आहे, पण तिच्यावर पाय वाचतात.

आता त्या चिठ्ठीकडे. सही न करणाऱ्या आमच्या श्रोत्या, "खरे ते सांगावे" असे आपण लिहिले होते. खरे ते असे : सुयांनी आपल्याला बरे वाटण्याचा संभव आहे. ते सुईच्या गुणाने वाटेल, की टोचणाराच्या हाताच्या मायेने, हे आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. आपले गेलेले मज्जातंतू परत येतील, असे आश्वासन आम्ही देत नाही, आणि दुसऱ्या कोणी दिले तर आपण ते घेऊ नये. आग थांबली तर सुखाने झोपावे. पण झोपण्यापूर्वी दिवा लावून एकदा तळपाय पाहावेत.